माळीण ते हेग : हवामान न्यायाच्या लढाईत आपण कुठे आहोत?

३० जुलै २०१४ ची सकाळ. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात एसटी घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला माळीण गाव जागेवर दिसलेच नाही. घरांच्या जागी चिखल होता. डोंगराचा एक तुकडा रात्रभराच्या पावसाने सुटून खाली आला होता आणि झोपेतून नुकते उठलेले महादेव कोळी आदिवासींचे गाव त्याखाली गाडले गेले होते. सरकारी आकडा १५१ मृतांचा.

२३ जुलै २०२५. नेदरलँड्समधले हेग शहर. माळीणच्या अकराव्या स्मृतिदिनाला एक आठवडा बाकी होता. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने सांगितले की हवामान बिघडू न देणे ही प्रत्येक राष्ट्राची कायदेशीर जबाबदारी आहे. ती मोडली तर ते आंतरराष्ट्रीय कायद्याने चुकीचे कृत्य ठरू शकते आणि नुकसान झालेल्यांना भरपाई देण्यापर्यंत त्याचे परिणाम जाऊ शकतात.

या दोन तारखांचा एकमेकींशी काय संबंध? आपल्या चळवळीतल्या बहुतेकांचे उत्तर असेल, काहीच नाही. मित्रांनो, हा लेख त्या उत्तराविरुद्ध आहे.

सत्तावीस विद्यार्थ्यांनी काय केले

हेगचा हा निकाल कुठल्या महासत्तेने मागितलेला नव्हता. २०१९ मध्ये प्रशांत महासागरातल्या वानुआतू या छोट्या देशात युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या कायदा शाखेतले २७ विद्यार्थी एकत्र आले. त्यांची बेटे समुद्र गिळतो आहे, वादळे घरे उडवून नेत आहेत आणि जगाच्या हवामान परिषदा ठराव करून उठत आहेत. पर्यावरण कायदा शिकणाऱ्या या मुलांनी ठरवले की जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयालाच विचारायचे : राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी नेमकी काय? ती मोडली तर परिणाम काय?

त्यांनी संघटना काढली, बेटांच्या सरकारांना पत्रे लिहिली. वानुआतू सरकारने प्रश्न उचलला. २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा प्रश्न न्यायालयाकडे पाठवण्याचा ठराव मतदानाशिवाय, एकमताने मंजूर केला. डिसेंबर २०२४ मध्ये हेगमध्ये सुनावणी झाली, नव्वदहून अधिक देश बोलले. सॉलोमन बेटांची सिंथिया हौनिउही ही त्या विद्यार्थी संघटनेची कार्यकर्ती त्याच न्यायालयात उभी राहून बोलली.

वर्गातल्या चर्चेपासून हेगच्या निकालापर्यंत सहा वर्षे लागली. या मुलांकडे पैसा नव्हता, सैन्य नव्हते, मोठ्या देशाचे नागरिकत्व नव्हते. त्यांच्याकडे कायद्याचे शिक्षण आणि संघटन होते आणि आपल्या नुकसानीची नोंद होती. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण भिंतीवर लिहितो. त्या मुलांनी ते वाचले असेल की नाही, मला माहीत नाही. पण त्यांनी ते करून दाखवले.

न्यायालयाने जे सांगितले त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली : ही जबाबदारी फक्त पॅरिस करारापुरती नाही. दुसऱ्याचे मोठे नुकसान होऊ न देणे हा राष्ट्राराष्ट्रांमधला जुना, सर्वमान्य कायदा आहे आणि मानवी हक्कांचा कायदाही इथे लागू होतो. दुसरी : खासगी कंपन्यांवर लगाम ठेवणे ही सरकारची जबाबदारी आहे. 'ते कंपनीने केले' असे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. तिसरी : स्वच्छ, निरोगी पर्यावरणाचा हक्क नसेल तर जगण्याचा, आरोग्याचा, पाण्याचा, घराचा हक्कही पोकळ ठरतो.

'दादा, हा आपला विषय नाही'

मागे एका शिबिरात मी हे सांगत होतो तेव्हा एक तरुण उभा राहिला. म्हणाला, "दादा, पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे. झाडं लावा, प्लास्टिक टाळा, वाघ वाचवा. आपल्याकडे रोज अत्याचार होतायत, आरक्षण संपवलं जातंय, शिष्यवृत्त्या अडकल्यात. त्यात हे कशाला?"

त्याचा राग मला समजतो. या देशात पर्यावरणाची भाषा बराच काळ सवर्ण, शहरी वर्गाच्या ताब्यात राहिली. या वर्गाला जंगल हवे असते, जंगलातला माणूस नको असतो. भीमाशंकरला १९८५ मध्ये अभयारण्य झाले. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणारा आदिवासी एका सरकारी कागदाने स्वतःच्याच रानात संशयित झाला. लाकूडफाटा आणला की गुन्हा, हिरडा वेचला की चौकशी. ज्या पर्यावरणवादाने हे केले त्याला आपण 'आपला' म्हणावे असे मीही म्हणणार नाही.

पण विषय त्यांनी बळकावला म्हणून आपण तो सोडून द्यायचा? पाणी कुणाच्या ताब्यात होते म्हणून बाबासाहेबांनी चवदार तळे सोडून दिले नाही. उलट पाण्याचाच प्रश्न हाती घेऊन त्यांनी महाडला माणूसपणाचा लढा उभा केला. हवामानाचा प्रश्न हा पाण्याचा, जमिनीचा, घराचा आणि मजुरीचा प्रश्न आहे. म्हणजे तो जातीचा प्रश्न आहे. जुन्नर-आंबेगावात फिरून पाहा.

पाणी पाहा. घोड नदीवर डिंभे धरण झाले. त्यात जुने आंबेगाव गावच बुडाले. तालुक्याला नाव देणारे गाव पाण्याखाली आहे, कचेरी घोडेगावात आणि बाजारपेठ मंचरला. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले, तेही याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. कुकडी प्रकल्पाची डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही पाच धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. कालवे पूर्वेकडे जातात, पार शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत. ऊस, द्राक्ष, टोमॅटो त्यावर पिकतो. ज्यांच्या जमिनी आणि घरे बुडाली त्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांवर मात्र उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. पाऊस त्यांच्या डोंगरावर पडतो आणि टँकरही त्यांच्याच वाडीवर येतो.

हिरडा पाहा. पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबाचा वर्षाचा रोख पैसा बऱ्याच अंशी बाळहिरड्यातून येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या माथ्यावर, हिरड्याची झाडे झोडपली गेली. वर्षानुवर्षांची झाडे मुळासकट पडली. आंबा-काजूच्या बागेचे पंचनामे होतात, हिरड्याचे काय? तो सरकारच्या लेखी नीट पीकही नाही. भरपाईच्या मागणीसाठी आदिवासी शेतकऱ्यांना आणि किसान सभेला वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले, उपोषणाला बसावे लागले. वादळ एका दिवसात येऊन गेले. कागद हलायला वर्षे लागली.

आता बौद्ध वस्तीत या. मातंग वस्तीत या, ठाकर-कातकरी वाडीत या, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर या. गारपीट झाली, अवकाळी पाऊस झाला, टोमॅटो-कांदा सडला की तलाठी येतो. पंचनामा कुणाच्या नावाने होतो? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या. त्या शेतात खुरपणीला, तोडणीला जाणाऱ्या भूमिहीन बाईची वीस-पंचवीस दिवसांची मजुरी बुडाली, तिचा रकाना पंचनाम्याच्या फॉर्मात नाहीच. वाट्याने शेत करणाऱ्याचे नाव नाही. गायरानावर तीस वर्षे राहणाऱ्याची भिंत पडली तर पहिला प्रश्न येतो : घर अतिक्रमणात आहे का? पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, असे म्हणणारा माणूस भरपाईच्या यादीत कुणाची नावे आहेत हे कधी वाचत नाही.

दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांसाठी देशभर सत्याग्रह केला, लाखो लोक तुरुंगात गेले. तो लढा अर्धवट राहिला म्हणून आज हवामानाच्या तडाख्यात आपल्या माणसाचे नुकसान 'नुकसान' म्हणून मोजलेही जात नाही. त्या तरुणाला मी हेच सांगितले : आरक्षण, अत्याचार, जमीन आणि हवामान ही चार वेगळी खाती नाहीत. एकाच खात्याची ही चार पाने आहेत.

'निसर्गाचा कोप' हा शब्द कुणाच्या सोयीचा?

माळीण झाल्यावर दोन गोष्टी बोलल्या गेल्या. एक, निसर्गाचा कोप. दोन, गावकऱ्यांनीच डोंगर पोखरला.

दुसऱ्या आरोपाकडे नीट बघायला हवे. या भागात उतारावर दगडी बांध घालून भातखाचरे करण्याची जुनी रीत आहे, तिला पडकई म्हणतात. लोक एकमेकांच्या शेतावर मिळून राबतात, हाताने बांध रचतात. पुढे ती सरकारी योजना झाली आणि डोंगरावर जेसीबी आले. दरड कोसळल्यावर चर्चा सुरू झाली ती सपाटीकरणाची. योजना कुणाची, यंत्र कुणाचे, उतारावर यंत्र चालवायला मंजुरी कुणाची, हे प्रश्न मागे पडले आणि चिखलाखाली गेलेली माणसेच आरोपी झाली. ही जुनी मनुवादी खोड आहे : बळी गेला की आधी त्याच्याच कर्माचा हिशेब काढायचा.

आणि निसर्गाचा कोप? पुण्याच्याच पाषाणमध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या आणि त्यासाठी लागणारे बाष्प मुख्यतः तापत्या अरबी समुद्राकडून येते. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावते. म्हणजे एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी तो थोड्या दिवसांत, एकदम कोसळतो. उताराची माती हे पेलू शकत नाही.

माळीणनंतर २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये गाडले गेले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी गेली, २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण शेवटपर्यंत बेपत्ता राहिले. दरवेळी डोंगराच्या कडेला कोण राहत होते ते पाहा. सपाट, सुपीक, रस्त्याकडेची जमीन कुणाकडे आहे तेही पाहा. डोंगर कोसळणे निसर्गाचे असेल. पण त्याखाली कुणी राहायचे हे समाजव्यवस्थेने ठरवले आहे.

पुनर्वसनाचेही तेच. नव्या माळीणचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ ला मोठ्या थाटात झाले. पहिल्याच पावसात, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, नव्या गावातले रस्ते खचले, भरावाला आणि भिंतींना तडे गेले. एकदा सगळे गमावलेल्या माणसांची रात्रीची झोप पुन्हा उडाली. एकदा दरड पडते ती आपत्ती असते. नव्या गावात तडे जातात तेव्हा मात्र निसर्गाकडे बोट दाखवता येत नाही.

हेगमध्ये एक आणि घरात दुसरे

डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत भारत सरकारही बोलले. सरकारची मांडणी थोडक्यात अशी : हवामान बिघडवले ते श्रीमंत देशांनी, गरीब देशांचा वाटा नगण्य, म्हणून जबाबदारीही समान असू शकत नाही, ज्याने जास्त बिघडवले त्याने जास्त भरावे. याच वेळी सरकारने असेही सांगितले की सध्याचे हवामान करार पुरेसे आहेत, न्यायालयाने त्यापलीकडे नवी बंधने निर्माण करू नयेत.

पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. दोनशे वर्षे कोळसा जाळून आणि वसाहती लुटून श्रीमंत झालेल्यांनी हिशेब दिलाच पाहिजे. दुसरा भाग न्यायालयाने मान्य केला नाही. जबाबदारी करारापुरती नाही, असे निकालात स्पष्ट सांगितले.

आता सरकारचाच पहिला मुद्दा उचला आणि तो देशाच्या आत लावा. ज्याने जास्त बिघडवले त्याने जास्त भरावे, हे तत्त्व अमेरिका आणि भारत यांच्यात खरे असेल तर मुंबईचा मलबार हिल आणि आंबेगावची वाडी यांच्यातही ते खरे असले पाहिजे. दरडोई कार्बनचा सरासरी आकडा काढताना सरकार आपली वाडी-वस्ती मोजते. माळीणच्या बाईच्या चुलीमुळे भारताची सरासरी कमी दिसते आणि त्या कमी सरासरीच्या आडोशाला कारखानदार, बिल्डर, खाणमालक बसतात. जगात आपल्या गरिबीचा दाखला दाखवायचा आणि घरात त्याच गरिबाला गायरानावरून हुसकायचे, हा दुटप्पीपणा आपण नाव घेऊन सांगितला पाहिजे.

यात धोका पैशाचाही आहे. २०२२ च्या शर्म-अल-शेख परिषदेत हानी आणि नुकसानीसाठी जागतिक निधी मान्य झाला. त्यातून उद्या काही आले तर ते सरकारांमार्फत येईल, सरकारी यादीप्रमाणे वाटले जाईल. यादी कशी होते हे आपल्याला माहीत आहे. २००१ च्या भूजच्या भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूत दलितांना मदत छावण्यांत, पाण्याच्या टाक्यांवर, वाटपाच्या रांगेत वेगळे काढल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या आहेत. जगाने भारताला न्याय दिला आणि भारताने तो जातीच्या उतरंडीत वाटला, तर आपल्या हातात पुन्हा रिकामी थाळी.

बाबासाहेबांनी हे दार ठोठावले होते

काही जण म्हणतात, आंतरराष्ट्रीय कायदा वगैरे आपल्याला परका आहे. मला आश्चर्य वाटते. जुन्नरच्या लेण्यांमध्ये ब्राह्मी लेख वाचा. तिथे यवनांनी दिलेली दाने कोरलेली आहेत. एका शक उपासकाने करंजाच्या आणि वडाच्या झाडांसाठी जमीन दिल्याचा लेख आहे. नाणेघाटातून व्यापारी चढत होते त्या काळापासून हा मुलूख जगाशी जोडलेला आहे आणि बुद्धाचा धम्म मानणारा परदेशी माणूस इथे झाडांची तजवीज करत होता. आपला वारसा गावकुसाबाहेर कोंडून घेण्याचा नाही.

१९४६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला, हे बाबासाहेबांच्या वाचनात आले. त्यांनी थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाची प्रत मागितली. भारतातले अस्पृश्यही त्याच मार्गाने जाण्याचा विचार करत आहेत, असे त्यांनी त्यात कळवले. ड्यू बॉइस यांनी उत्तर पाठवले. संयुक्त राष्ट्रे स्थापन होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

त्याच वाटेवर २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला. भारत सरकारने तो अजेंड्यावर येऊ नये म्हणून जोर लावला, जात हा आमचा अंतर्गत विषय आहे असे सांगितले. तरी २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर, वंशपरंपरेवर आधारित भेदभावात जातही येते, असे स्पष्ट केले. म्हणजे पाऊलवाट आहे. ती आपल्या आधीच्या पिढीने पाडली आहे. हवामानाच्या प्रश्नावर तिथून चालायचे काम आपल्या पिढीचे आहे.

भाबडेपणा नको

मात्र न्यायालयावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असे मी म्हणत नाही. हेगचे हे मत सल्ला म्हणून दिलेले आहे, त्याची वसुली करायला कुणी पोलीस येणार नाही.

तरुणांचे अर्ज फेटाळलेही गेले आहेत. २०१७ मध्ये नऊ वर्षांच्या रिद्धिमा पांडेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, २०१९ मध्ये तो निकाली काढला गेला. तिच्यासह सोळा मुलांनी, त्यात ग्रेटा थनबर्गही होती, संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार केली. समितीने २०२१ मध्ये सांगितले की आधी संबंधित देशांतल्या न्यायालयांचे मार्ग संपवून या. हे वाक्य लक्षात ठेवा. हेगचा रस्ता घोडेगाव, जुन्नर, पुणे, मुंबई, दिल्ली असाच जातो.

दिल्लीतही एक दार किलकिले झाले आहे. २१ मार्च २०२४ च्या एम. के. रणजितसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये पाहिला. कलम १४ म्हणजे समानता. गरिबाला जास्त फटका बसतो म्हणून हा समानतेचाही प्रश्न आहे, हे न्यायालयाने म्हटले. ते वाक्य आपल्यासाठी आहे. पण खटला कशाचा होता? माळढोक पक्षी आणि सौर ऊर्जेच्या विजेच्या तारा यांचा. त्यात कुणी भूमिहीन अर्जदार नव्हता. उद्या हाच 'हवामान हक्क' पुढे करून सौर प्रकल्पासाठी गायरान मागितले जाईल तेव्हा तिथे आपला वकील उभा असला पाहिजे.

आंतरराष्ट्रीय कायदा आपल्या न्यायालयात चालतो का? चालतो. संविधानाचे कलम ५१ आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखायला सांगते. राजस्थानातल्या भंवरीदेवी या कुंभार समाजातल्या कार्यकर्तीवर अत्याचार झाला, त्यानंतरच्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला. तेव्हा देशात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन ती पोकळी भरली. हेगचे मत असेच वापरता येते.

आणि वेळेचे म्हणाल तर महाड आठवा. सत्याग्रह १९२७ चा. चवदार तळ्याच्या दाव्याचा शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे बाबासाहेब कोर्टात लढले. त्या दहा वर्षांत ते फक्त तारखांची वाट पाहत बसले नाहीत, रस्त्यावरची चळवळ चालूच होती. दोन्ही एकदम करायचे असते.

मग करायचे काय?

हेगमध्ये वानुआतू जिंकले कारण त्यांच्याकडे साक्षी होत्या : कुठले गाव, कुठले वादळ, किती घरे, कुणाची शेती, कुठले दफनभूमीचे ठिकाण समुद्रात गेले. आपल्याकडे दुःख आहे, आठवण आहे, गाणी आहेत. कागद नाही. म्हणून चार कामे सुचवतो.

एक, नोंदवही. जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक वस्तीत दोन तरुण-तरुणी. दर पावसाळ्यात, दर उन्हाळ्यात लिहायचे : किती दिवस मजुरी बुडाली, कुणाची भिंत पडली, कुठे जमिनीला भेग गेली, टँकर कधी आला आणि आधी कुठल्या आळीला आला. नाव, जात, जमीन आहे की नाही, तारीख, फोटो. ज्याची माहिती आहे त्याला विचारूनच लिहायचे.

दोन, ग्रामसभा. वनहक्क कायदा २००६ चा आहे. सामूहिक वनहक्काचे दावे, जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क, हे सगळे त्यात आहे. दरडीच्या धोक्याचा आणि नुकसानीचा ठराव ग्रामसभेत लिहून घ्या. आदिवासी नसलेल्या जंगलवासीयांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. आपली किती कुटुंबे या अटीत अडकली आहेत ते मोजा.

तीन, पंचनाम्याचा फॉर्म बदलण्याची मागणी. बुडालेली मजुरी, वाट्याची शेती, हिरड्यासारखी वनोपज आणि गायरानावरचे घर या चार गोष्टींचा रकाना हवा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा माहिती अधिकारात मागा आणि त्यात आपली वस्ती कुठे आहे ते शोधा. मागणी नाकारली तर नकार लेखी घ्या. तो नकारच पुढचा पुरावा आहे.

चार, बाहेरचे मंच. नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात वैयक्तिक तक्रारीची सोय देणारा जो जोडकरार आहे त्यावर भारताने सही केलेली नाही, म्हणून आपल्याला त्या समितीकडे थेट तक्रार घेऊन जाता येत नाही. पण काही वर्षांच्या अंतराने मानवी हक्क परिषदेत भारताचा आढावा होतो, तिथे संघटनांना अहवाल देता येतो. हवामान आणि मानवी हक्क या विषयाचा विशेष प्रतिवेदक आहे, त्याला पत्र लिहिता येते. पुण्यात वसतिगृहात राहून लॉ करणारे आणि परदेशी शिष्यवृत्तीवर शिकणारे आपले भाऊ-बहिणी हे काम करू शकतात. ती शिष्यवृत्ती समाजाच्या संघर्षाची कमाई आहे. तिच्यातला थोडा वेळ समाजाचा आहे.

एक सावधगिरी आपल्यासाठीच. माळीण आदिवासींचे आहे. हिरड्याचा लढा तिथल्या लोकांनी लाल झेंड्याखाली लढला, तेव्हा आपले निळे झेंडे तिथे किती होते? आपण आदिवासींच्या वतीने बोलायला जायचे नाही. त्यांच्या ग्रामसभेत मागे बसून ऐकायचे, लिहिण्यात हात लावायचा आणि गायरानाच्या लढ्यात त्यांना हक्काने बोलवायचे. पश्चिमेचा डोंगर आणि पूर्वेची बौद्ध वस्ती एका अर्जावर सही करतील तेव्हा तो अर्ज फेटाळणे कुणालाही सोपे जाणार नाही.

येत्या ३० जुलैला माळीणच्या स्मृतिस्तंभापाशी पुढारी येतील, हार घालतील, फोटो काढतील. आपणही जाऊ. पण आपल्या हातात फुलांबरोबर एक वही असू दे. वर्षभराच्या नोंदी त्यात असू देत. तिथून निघून थेट घोडेगावच्या तहसील कचेरीत जायचे, वहीची प्रत द्यायची आणि पोच घ्यायची. त्या पोचेवरच्या शिक्क्यापासून हेगचा रस्ता सुरू होतो.

जय भीम!